दोन मनगटांचं घड्याळ

मनगटावर बसतो म्हणून लोक मला घड्याळ म्हणतात. म्हणू देत. वेळ मी सांगतो, पण तो माझा जोडधंदा. मूळ धंदा निराळाच आहे. माणूस खोल पाण्यात उतरला की त्याच्या अंगात किती वायू मुरला, आणखी किती वेळ तो खाली सुखरूप राहू शकेल आणि वर येताना कुठे थांबायला हवं, हे सांगणारा मी पाणबुड्याचा संगणक आहे.

बोलायची ही ढब मला कारखान्यात मिळाली नाही. ती मिळाली सातपूरला, रंगनाथशेठच्या पंपाच्या दुकानात. काचेच्या कपाटात पडून पडून माणूसदेखील बोलायला शिकेल, मग मी तर यंत्र. त्यामुळे मध्येच एखादा किस्सा आला तर तो शेठचा गुण समजा. गोष्ट मात्र माझी आहे. म्हणजे दोन भावांची. कोंडाजी थोरला, गोरक्ष धाकटा. ते दोघे होते आणि मी एकटा. सगळं दुःख एवढ्यात आलं, पण एवढ्यावर सोडलं तर तुमच्या हाती काही लागायचं नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म परदेशातला. एका बाईने चिमट्याने माझे अवयव जागच्या जागी बसवले, झाकण घट्ट केलं आणि मला एका जाड लोखंडी डब्यात घातलं. डब्यात पाणी होतं. पाण्याचा दाब वाढवत वाढवत नेला आणि मी फुटत नाही याची खात्री झाल्यावर मला बाहेर काढून पुसलं. जन्माला आल्याबरोबर समुद्राचा तळ दाखवायची आमच्यात रीतच आहे.

माझ्या पोटात एक माणूस राहतो. खरा नव्हे, गणिताने केलेला. त्याला रक्त आहे, चरबी आहे, सांधे आहेत. मी पाण्यात खाली गेलो की तो माणूस भिजायला लागतो, पाण्याने नव्हे, वायूने. श्वासातल्या हवेत नायट्रोजन असतो. एरवी त्याचं कुणाला ओझं नाही. पण खोलवर दाब वाढतो आणि तो अंगात मुरत जातो. रक्त लवकर भिजतं, सांधे उशिरा. वर आलो की तो माणूस सावकाश वाळायला लागतो. त्याच्या भिजण्या-वाळण्याकडे बघून मी आकडा सांगतो. मनगट कुणाचंही असो, मला दिसतो तो हा पोटातला माणूस. त्याच्याखेरीज मी कुणाला ओळखत नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

माझी पहिली नोकरी मालवणला, पर्यटकांना समुद्राखाली नेणाऱ्या एका शाळेत. तिथे मी पुष्कळ माणसं पाहिली. पुण्याचा एक नवा जावई आठवतो. बायकोने हौसेने त्याला पाण्यात उतरवलं. रंगीत मासे नाकासमोरून जात होते आणि हा पठ्ठ्या सबंध वेळ माझ्याकडे बघत बसला. वर आल्यावर बायको म्हणाली, "घड्याळच बघायचं होतं तर घरात काय कमी होती?" तो म्हणाला, "अगं, त्यावर उरलेली मिनिटं दिसतात." माणसाला उरलेलं दिसलं की त्याला दुसरं काही सुचत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

पुढे ती शाळा बंद पडली. रंगनाथशेठ जुना कंप्रेसर बघायला मालवणला आले आणि कंप्रेसर, टाक्या, नळ्या, मी, असा सगळा माल उचलून घेऊन गेले. कसारा घाट चढताना हवा पातळ होत गेलेली मला जाणवली. नाशिक समुद्रापासून चांगलंच उंचावर. इथे पाण्यात उतरायचं तर मिनिटं जरा आवरूनच द्यावी लागतात. मी मनात तशी दुरुस्ती करून घेतली. कुणी सांगायची गरज पडली नाही.

शेठ सातवीनंतर शाळेत गेले नव्हते, पण दुकानात आलेलं एकही माहितीपत्रक त्यांनी न वाचता टाकलं नाही. चिनी भाषेतलं असलं तर चित्रांवरून वाचायचे. माझं पत्रक त्यांनी शब्दकोश घेऊन वाचलं. त्यांचं एक वचन होतं. गिऱ्हाईक नसलं की कपाट पुसता पुसता ते स्वतःशीच म्हणायचे, "वाचल्याशिवाय माल विकू नये. आणि वाचलेलं सगळं सांगत बसू नये, नाहीतर माल जात नाही." मला ते फार हुशारीचं वाटायचं.

मला कोण घेणार, हे शेठनी आधीच हेरलं होतं. जिल्ह्यात विहिरी हजारो. विहिरीत पाणबुडी मोटारी. दोर तुटतो, मोटार तळाला जाते. ती काढायला उतरणारे लोक थोडे, आणि त्यांतले सायखेड्याचे हे दोन भाऊ नावाजलेले. गोदावरीच्या काठी वाढलेले. तोवर ते नुसत्या दमावर बुडी मारायचे, जास्तीत जास्त कंप्रेसरची नळी तोंडात धरून. आता शेठ त्यांना पाठीवरच्या हवेच्या टाक्याही देणार होते.

शेठनी त्यांना बोलावून घेतलं. दोन खुर्च्या टाकल्या, सोडा मागवला.

"कोंडाजीभाऊ, पाण्याखाली माणूस म्हणजे काय, माहीत आहे? भिजत घातलेला हरभरा. जितका खोल आणि जितका वेळ, तितका फुगणार. फुगला म्हणून बिघडत नाही. बिघडतं ते घाईने वर आल्यावर." असं म्हणून शेठनी सोड्याची बाटली हलवली आणि गोरक्षच्या समोर फट्दिशी उघडली.

फेस गोरक्षच्या तोंडावर. सगळं दुकान हसलं.

"हे जे बाटलीत झालं ना, ते अंगात होतं," शेठ म्हणाले. "रक्तात बुडबुडे. सांध्यात गेले तर कळ, पाठीच्या कण्यात गेले तर पाय गेले. हे घड्याळ तुम्हाला सांगतं, आता वर निघ. फार जोरात निघालास तर ओरडतं. वर येता येता जरा थांबवतं, बाटली हळूहळू उघडतात तसं."

गोरक्षने तोंड पुसत मला हातात घेतलं. "लय शहाणं दिसतंय."

कोंडाजी जरा विचारात पडला. "शेठ, आमी दोघं हाय. मंग दोन लागत्याल का?"

शेठकडे मी एकटाच होतो. त्यांनी विचारलं, "दोघं एका वेळी उतरता का?"

"नाय. एक खाली, एक वर, दोर धरून."

"मग झालं तर. जो खाली, त्याच्या हातात. घड्याळ दोन कशाला?"

आता तुम्हीच सांगा, यात चूक काढायला कुणाला जमलं असतं? बोलणं सरळ होतं. त्यातून त्या घरची रीतही तशीच. दोघा भावांत मोटारसायकल एक. लग्नकार्याला घालायचा कोट एक, जो पुढे बसणार त्याने घालायचा. त्यांच्या आईला, कुसाबाईला, या गोष्टीचा केवढा अभिमान. शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "माझ्या पोरांनी कधी वाटणी केली नाय. जे हाय ते दोघांचं."

त्या दिवसापासून मीही दोघांचा झालो. पट्ट्याला दोन भोकं पडली. कोंडाजीचं आतलं, गोरक्षचं बाहेरचं.

दिवस चांगले होते. मी निफाडच्या, चांदवडच्या, देवळ्याच्या विहिरी पाहिल्या. विहिरीच्या तळाशी समुद्रासारखी शोभा नसते. गाळ असतो, तुटलेले दोर असतात, कुणाच्या तरी हातून पडलेली कळशी असते. मोटार सापडली की दोराला दोन हिसके. वर कोंडाजी "आली रे" म्हणायचा आणि सगळी वस्ती दोर ओढायला धावायची. नदीत कुणी बुडालं तर गावं यांनाच बोलवायची. त्या कामाचे दोघे भाऊ काही घेत नसत. त्या दिवशी परतताना बोलतही नसत.

पण एक अडचण सुरुवातीपासून होती. कोंडाजी उतरून वर आला की मला गोरक्ष चढवायचा आणि लगेच खाली जायचा. माझ्या पोटातला माणूस तर अजून ओलाच. मी लगेच ओरडायला लागायचो, वर चल, वर चल. गोरक्ष वैतागून वर यायचा.

"दादा, हे नुसतं कुरकुर करतंय. आत्ता कुठं बूड टेकलं हुतं."

कोंडाजीने माझ्याकडे निरखून पाहिलं. शेतकऱ्याच्या घरचा माणूस. त्याला सुचलं ते त्याच्या जगातलं. "दमलं असंल रे. सकाळधरनं कामाला हाय. बैलाला सोडतो तसं जरा सोड त्याला."

त्यांनी मला सावलीत ठेवलं, वर ओलं फडकं टाकलं. दुपारी पुन्हा घातलं तेव्हा पोटातला माणूस बराच वाळला होता. मी गप्प राहिलो. दोघांची खात्री पटली. घड्याळ दमतं, आराम दिला की ताळ्यावर येतं.

तेव्हापासून ती चालच पडली. मी कुरकुर केली की मला विसावा. माणूस मात्र तसाच खाली जायचा, दोराच्या अंदाजाने. विहिरी उथळ होत्या, कामं थोडक्यात आटपत होती, म्हणून निभावून गेलं. निभावलेलं असलं की माणूस त्यालाच नियम म्हणतो.

एकदाच कुणीतरी बोललं. गोरक्षची बायको निकिता घरी ब्लाउज शिवायची. मी शिवणयंत्रावर पडलेलो होतो. मला बाजूला सारत ती म्हणाली, "अहो, दोघांचं याला वेगवेगळं कसं कळतं?"

"काय कळायचंय?"

"माप. मी एकीच्या मापाने दोघींचे ब्लाउज शिवले तर एक तरी माझ्या तोंडावर येऊन पडंल की नाही?"

गोरक्ष हसला. "तू तुझ्या टेपकडं बघ. पाणी समद्यांना सारखंच लागतं."

"पाणी सारखं, अंग वेगळं," ती म्हणाली. पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि बोलणं तिथेच राहिलं. माझ्यात त्या वेळी आवाज असता तर मी तिच्या बाजूने बोललो असतो. मला फक्त पाण्यात ओरडता येतं.

मग देवळ्याकडचं ते काम आलं.

धरणाच्या काठाला पाणीपुरवठ्याची खोल विहीर. तळाशी जाळी, जाळीतून पाणी आत येतं, वर पंप. जाळीत ओंडका आणि गाळ अडकला होता, साखळी तुटून खाली गेली होती. गावाला कितीतरी दिवस नळाचं पाणी नव्हतं. विहिरीभोवती माणसं जमली होती. कांद्याचे ट्रॅक्टर जाता जाता थांबत आणि चालक खाली वाकून बघत. खोली पंधरा परस, म्हणजे पंधरा माणसं एकावर एक उभी केली तरी हात वर करावा लागेल. भावांनी इतकं खोल काम आधी एक-दोनदाच केलं होतं.

पहिला उतरला कोंडाजी. मी त्याच्या हातात. त्याने जाळीचा अंदाज घेतला, साखळी शोधून बांधली. मी सांगितलं तेव्हा निघाला, सांगितलं तिथे थांबला. पण वर आला तो कान धरूनच.

"कान बसला रं. सर्दी हुती, तिनं घात केला. मला आता जमायचं नाय."

"तुझा कान शाळेत गुरुजींनी धरला तवापासून सुटलाच नाय," गोरक्ष म्हणाला. बघ्यांत हशा पिकला. "बस तू वर. मी जातो."

कोंडाजी माझा पट्टा सोडायला लागला. गोरक्षने हात आडवा केला. "राहू दे. आत्ताच ओरडायला लागंल ते. दमलंय. दुपारला लागंल मला, तवर आराम दे."

कोंडाजीने मला बाभळीच्या सावलीत शर्टाच्या घडीवर ठेवलं. वर ओलं फडकं टाकलं. माझी केवढी काळजी.

तिथून मला विहिरीचा काठ दिसत होता आणि काठावरून आत गेलेला दोर. दोर थरथरत होता. खाली गोरक्ष ओंडक्याशी झटत होता. पाण्याबाहेर माझं काही चालत नाही. माझ्या पोटातला माणूस सावलीत निवांत वाळत होता आणि खाली एक खरा माणूस भिजत होता, ज्याच्याबद्दल मला अक्षरही ठाऊक नव्हतं. फार वेळ गेला. इतका, की एक म्हातारा कोंडाजीला म्हणाला, "काय हो, तुमचा भाऊ तिकडंच सोयरीक जमवतोय का?" कोंडाजी हसला, पण दोरावरचा हात त्याने घट्ट केला.

शेवटी दोन हिसके आले. गोरक्ष सरळ वर आला, मध्ये कुठे न थांबता. थांबवणारा मी तर सावलीत होतो.

ओंडका अर्धा सुटला होता. आणखी एक बुडी लागणार होती. सगळ्यांनी भाकरी, पिठलं, फोडलेला कांदा खाल्ला. गोरक्षला खांदा जड वाटत होता. "ओढाओढ केली ना," तो म्हणाला आणि झटकून मोकळा झाला.

मग त्याने मला चढवलं. बाहेरचं भोक. बटण दाबलं.

मी माझ्या माणसाकडे पाहिलं. बराच कोरडा. मी आकडा दाखवला, चांगला ऐसपैस. गोरक्षने हात उंच करून तो थोरल्याला दाखवला. "बघ दादा, विसावा मिळाला की कसं ताजंतवानं होतं."

त्या बुडीबद्दल मला एवढंच सांगायचंय की त्याने माझा एकही शब्द मोडला नाही. ओंडका निघाला, जाळी सुटली, तरी आणखी दोन दगड बाजूला करायचा त्याला मोह झाला होता. मी टुण केलं आणि त्याने हातातला दगड टाकून दिला. वर निघाला तो सावकाश, आपल्याच बुडबुड्यांच्या मागे. थांब म्हणालो तिथे दोराला धरून थांबला. माझ्या पडद्यावरची मिनिटं संपेपर्यंत माझ्याकडेच बघत होता. मालवणच्या त्या जावयासारखा. इतक्या विश्वासाने माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. आणि मी त्याला दाखवत होतो ते कोंडाजीचं अंग.

वर पंप सुरू झाला. लोकांनी नारळ फोडला. एका बाईने पहिला हंडा भरून त्यातलं तांब्याभर पाणी गोरक्षला दिलं. म्हणाली, "आधी तुमी प्या, भाऊ." तो प्याला आणि म्हणाला, "आज दिवसभर पाण्यातच हाय मावशी, पण हे गोड लागलं."

परतताना मोटारसायकलवर तो मागे बसला होता. चांदवड मागे पडल्यावर म्हणाला, "दादा, पायाला मुंग्या आल्या."

"जाळीपाशी वाकून बसला असशील."

"तसंच असंल."

घरी कुसाबाईने पोराचं तोंड पाहिलं आणि पाण्याचा बंब पेटवला. कढत पाण्याने आंघोळ घातली. तिळाचं तेल कोमट करून पाय चोळायला बसली. लहानपणी नदीतून आल्यावर चोळायची तशी. चोळता चोळता त्याला दमात घेत होती. "किती वेळ पाण्यात बसावं मानसानं? गारठा धरला बघ हाडांनी."

"बरं वाटतंय आई," तो म्हणाला. आईला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल. मी खुंटीवर होतो. माझ्या पडद्यावर सगळं ठीक होतं.

सकाळी तो उठायला गेला आणि पाय आले नाहीत.

नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टर मनीषा म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी गोरक्षच्या तळव्याला टाचणी लावली. "कळतंय का?"

"काय?" त्याने विचारलं.

मग त्यांनी कोंडाजीला बाहेर नेऊन काल काय काम केलं ते विचारलं. त्याने पहिल्यापासून सांगितलं. खोली, दोर, ओंडका. कुणा जाणकाराला फोन करून त्या परत आल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे घातलं होतं ना? हे काय सांगत होतं?"

"सगळं ठीक म्हणत हुतं, बाई. गोरखनं त्याच्या बाहेर काही केलं नाय. मी दोर धरून हुतो, मला ठावं हाय."

"काल सकाळी पहिले कोण उतरलं?"

"मी."

"हेच घालून?"

"हेच."

"आणि मधल्या वेळी ते उतरले तेव्हा?"

"तवा हे सावलीत ठेवलं हुतं. दमलं हुतं म्हणून."

डॉक्टरबाईंनी मला हातात घेतलं. "हे नक्की कुणाचं आहे?"

"आमचं," कोंडाजी म्हणाला. "दोघांचं."

त्यांनी मला टेबलावर पालथं ठेवलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "दादा, हे दमत नाही. दमतं ते आपलं अंग. दुपारी यानं जे सांगितलं, ते तुमच्या अंगाचं होतं. त्यांच्या मधल्या बुडीची याला खबरच नव्हती."

कोंडाजी बाकावर बसला. नंतर पुष्कळ वेळ तो फक्त आपल्या उजव्या मनगटाकडे बघत होता, जिथे माझ्या पट्ट्याचा पांढरा वण होता.

मुंबईला त्या दुखण्यासाठी लोखंडी खोली असते. मी कोंडाजीच्या खिशातून ती पाहिली आणि ओळखली. माझ्या जन्माच्या वेळचा डबाच, माणसाच्या मापाचा. त्यात गोरक्षला घालायचे, दाब वाढवायचे, मग अगदी सावकाश उतरवायचे. जे मी विहिरीत करायला हवं होतं, ते तिथे पुन्हा नव्याने करत होते. दर खेपेला कोंडाजी दारापाशी उभा राही. हातात दोर नव्हता, तरी मुठी वळलेल्या.

थोडं परत आलं. कंबर सावरली, बसता यायला लागलं, डाव्या अंगठ्यात जरा धुगधुगी आली. त्या दिवशी निकिताने फोनवर सासूला ते सांगितलं आणि कुसाबाईने सगळ्या गल्लीला साखर वाटली. पण त्याच्यापुढे गाडी हलली नाही. लवकर आणलं असतं तर आणखी फरक पडला असता, असं तिथले लोक म्हणाले. ही गोष्ट घरात कुणी कुसाबाईच्या कानावर घातली नाही. ती अजूनही रोज तेल कोमट करते.

रंगनाथशेठ भेटायला आले. सायखेड्याच्या ओट्यावर बसले, चहा घेतला. ज्या माणसाला दर वाक्याला किस्सा सुचायचा, त्याला एकही गोष्ट सुचेना. शेवटी म्हणाले, "मीच म्हणालो होतो, दोन कशाला."

गोरक्ष म्हणाला, "तुमी म्हणला, आन आमाला पटलं. पटून घ्यायला आमीच हुतो की शेठ."

"पत्रकात लिहिलेलं होतं, गोरक्ष. ज्याचं त्याने वापरावं. मी वाचलं होतं."

निकिता कप उचलायला आली होती. तिने शेठकडे पाहिलं नाही. कप घेऊन आत गेली आणि शिवणयंत्राचा आवाज सुरू झाला, बराच वेळ, न थांबता.

पुढच्या महिन्यात शेठनी गोरक्षला दुकानात बसवलं. रुंद दाराची, उंबरा काढून टाकलेली जागा केली, म्हणजे चाकाची खुर्ची आत येईल. कोंडाजी त्याला रोज सकाळी गाडीवरून उचलून खुर्चीत ठेवतो. गोरक्ष म्हणतो, "दादा, हळू. मी काय मोटार हाय का?" कोंडाजी म्हणतो, "मोटार बरी. ती बोलत नाय." एवढं बोलून दोघेही दुसरीकडे बघतात.

कोंडाजी आता खोल पाण्यात जात नाही. उथळ विहिरीतली कामं करतो, तीही थोडी. दुसरं घड्याळ त्याने घेतलं, ते त्याचं एकट्याचं. मला त्याने पुन्हा हात लावला तो एकदाच. पट्टा धुतला, पुसला, आतलं भोक चिकटपट्टीने बुजवलं आणि मला गोरक्षच्या मनगटावर बांधत म्हणाला, "हे आता तुझं. कुणाचा वाटा नाय त्यात."

सगळा जन्म मी ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं, कोरड्या जमिनीवर ऐकायला मिळालं.

तेव्हापासून मी इथेच आहे, सातपूरला, गल्ल्याशेजारी. कारखान्यांचे भोंगे होतात, पाळ्या बदलतात, रस्ता माणसांनी भरतो आणि रिकामा होतो. मागे सटाण्याकडचे दोघे मावसभाऊ आले होते. विहिरीतल्या मोटारी काढायचा धंदा करायचा म्हणाले. माझ्यासारखी घड्याळं बघितली, भाव ऐकला, एकमेकांकडे बघितलं. मग त्यातला थोरला म्हणाला, "एकच घेतलं तर? आमी आळीपाळीनंच उतरतो."

शेठ काही बोलायच्या आत गोरक्षने खुर्ची गल्ल्याच्या पुढे आणली. पायावरचं पांघरूण नीट केलं. "दोन घ्या," तो म्हणाला. "दोन झेपत नसतील तर एक घ्या आन एकानंच उतरा. दुसऱ्यानं दोर धरायचा, शेवटपर्यंत."

ते विचार करतो म्हणून गेले. शेठनी त्यांना थांबवलं नाही. पूर्वीचे शेठ असते तर गिऱ्हाईकामागे नाक्यापर्यंत गेले असते.

तर मंडळी, मागणं एवढंच आहे. घरात भाकरी वाटून खा. कोट वाटून घाला, गाडी वाटून चालवा, कुसाबाईसारखी माय असेल तर तिला त्याचा गर्व करू द्या. पण माझ्यासारखी वस्तू वाटून घेऊ नका. प्रेमाने घेतली तरी घेऊ नका. आणि मी ओरडलो तर सावलीत मला ठेवू नका. सावलीत तुम्ही बसा.

दुकान बंद करायच्या आधी कधी कधी गोरक्ष माझं बटण दाबतो. पंधरा परसांचा आकडा लावतो आणि विचारतो, "काय म्हणतोस?"

मी माझ्या पोटातल्या माणसाकडे बघतो. तो ठणठणीत आहे. केव्हाच वाळून कोरडा झालाय, अंगात कुठे काही मुरलेलं नाही, हातपाय धडधाकट. मला तेवढंच दिसतं, म्हणून मी तेवढंच सांगतो. पडद्यावर आकडा येतो, पूर्वीसारखाच, चांगला ऐसपैस. उतर, तू मोकळा आहेस.

गोरक्ष तो आकडा वाचतो. मग बाही खाली ओढून मला झाकतो आणि दाराकडे बघत थोरल्याची वाट बघत बसतो.